उजनीकाठचे दोन दिवस आणि क्वार्टरचं पत्र

प्रश्न अगदी साधा होता. ह्यांना कारखान्याची क्वार्टर मिळाली होती, तिथं आम्ही राहायला जायचं की नाही? हो किंवा नाही, एवढंच उत्तर हवं होतं. ते मिळवायला मला नवऱ्यासोबत इंदापूरच्या पुढे, उजनीच्या काठावरच्या हॉटेलात जाऊन राहावं लागलं, आणि तिथंही ते मला भलत्याच तोंडून मिळालं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नाला तीन वर्षं झाली होती. कोऱ्हाळ्याच्या घरात आम्ही नऊ माणसं: सासूबाई, सासरे म्हणजे आबा, थोरले दीर-जाऊ, त्यांची तीन मुलं आणि आम्ही दोघं. आमच्या खोलीच्या तीन भिंती विटांच्या आणि चौथी पत्र्याची. पत्र्यापलीकडे थोरले दीर. इकडे ह्यांनी कूस बदलली की तिकडे दीर खाकरायचे. अशा खोलीत नवरा-बायकोनं बोलायचं काय, डोंबल? महत्त्वाचं काही सांगायचं असलं की मी ह्यांना गोठ्याकडे बोलवायची. तिथंही पाच मिनिटांत कुणीतरी वैरण घ्यायला यायचंच.

माझी शाळा माळेगावच्या, ह्यांच्या कारखान्यापलीकडच्या एका वस्तीवर. सकाळी एक एसटी, मग दुसरी, मग पायी. क्वार्टरमध्ये गेलो असतो तर पंधरा मिनिटांत शाळा. घरात मी हेच कारण सांगितलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. पण मनातलं कारण वेगळं होतं. मला माझं स्वतःचं दार हवं होतं, आतून कडी लावता येईल असं. त्यासाठी मी आतल्या आत किती झुरत होते ते मलाच माहीत.

कारखान्यात क्वार्टर यादीप्रमाणे मिळते. नंबर आला की पत्र येतं, आणि ठरलेल्या मुदतीत हो की नाही ते लिहून द्यावं लागतं. नाही म्हटलं की क्वार्टर पुढच्या नंबराला आणि आपलं नाव यादीच्या तळाला. ह्यांनी पत्र दाखवलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "आबांना कधी सांगताय?"

"सांगू की."

आमच्याकडे सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. पदर सावरून चहा द्यायचा, जेवायला वाढायचं, "हो आबा", "नाही आबा" म्हणायचं. काही मागायचं असलं तर नवऱ्याकडून. आणि नवरा कसा? तर बोलायची वेळ आली की ज्याला शर्टाचं बटण लावायचं आठवतं, असा. आठवडा गेला. मी विचारलं की "बघू". मी चिडले की "अगं, हळू". शेवटी एक दिवस हे आपणहून म्हणाले, "पट्टा पडला की दोन दिस कुठंतरी जाऊ. तितं निवांत बोलू."

पट्टा पडणं म्हणजे गळीत हंगाम संपून कारखाना थांबणं. हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत. हंगामात रसाच्या बाटल्या सोडून त्यांना मयतीलाही जाता यायचं नाही. मला तोवर बारामतीच्या स्टँडवर साधा चहासुद्धा स्वतःहून न पाजलेला हा माणूस हॉटेलात राहायचं म्हणतो, याचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी जास्त विचारच केला नाही. हॉटेलची जाहिरात वर्तमानपत्रात आली होती. फोटोत पाणी अगदी पायरीला टेकलेलं, त्यात एक होडी, आणि काठावर वेताच्या दोन खुर्च्या. मी ती कापून पर्समध्ये ठेवली होती.

सासूबाई म्हणाल्या, "घरदार असताना हॉटेलात कशापायी?" आबा बाजेवरून एवढंच म्हणाले, "जाऊ द्या की पोरांस्नी." मला तेव्हा आबांचं जरा नवल वाटलं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. क्वार्टरचं उत्तर सोमवारी द्यायचं होतं, असं मी धरून चालले होते. बारामतीहून इंदापूर एसटीनं. इंदापूरच्या स्टँडवर मला बॅगेपाशी उभं करून हे "पाणी आणतो" म्हणून गेले, ते वीस मिनिटांनी आले, बाटलीशिवाय. "गर्दी हुती," म्हणाले. मग जीपनं सोलापूर रस्त्याला, आणि एका फाट्यावर उतरून उन्हात पायपीट.

हॉटेल होतं. खुर्च्याही होत्या. तळं नव्हतं.

पायऱ्या उतरून मी पाहिलं, तर समोर भेगाळलेला गाळ, त्यापुढे हिरवे पट्टे आणि फार लांब, डोळे बारीक केल्यावर दिसेल अशी चकाकणारी एक रेघ. फोटोतली होडी पायरीशीच होती, पण कलंडलेली, आणि तिच्या सावलीत एक शेळी बसली होती. मॅनेजर मोठ्या उत्साहानं म्हणाले, "पाणी हाय की! ते काय, तितं चमकतंय. दिवाळीत या बाई, हितं पायरीला लागतंय."

मेमध्ये धरणाचं पाणी उतरतं, हे कळायला काय शिकावं लागतं? मी तिसरीच्या मुलांना जिल्ह्याचा भूगोल शिकवत होते. भिंतीवरच्या नकाशात उजनीवर छडी ठेवून दरवर्षी सांगायची, पावसाळ्यात धरण भरतं, उन्हाळ्यात रिकामं होतं. पण कारखान्यातल्या माणसाला रजा मिळते ती पट्टा पडल्यावर, आणि पट्टा पडेपर्यंत तळ्यानं काठ सोडलेला असतो. आमच्यासारख्यांनी तळ्याकाठी जायचं तरी कधी? मला हसू यायला हवं होतं. आली ती चीड.

खोली मात्र बरी होती. दाराला आतून कडी होती. हे पाय धुवायला गेले तेव्हा मी ती उगाच दोनदा लावून काढून बघितली.

चहा आला. मी म्हटलं, "मग, क्वार्टरचं?"

"आत्ताच तर आलोय. दम खा की जरा."

मी दम खाल्ला. जेवताना काढीन म्हटलं, तर हे मॅनेजरना म्हणाले, "या की, बसा आमच्यासंगं." मॅनेजरही बसले! चिलापी माशाचा रस्सा झकास होता, तेवढं कबूल करते. पण तो संपेपर्यंत ह्यांनी उसाचा उतारा, गाळावरची कलिंगडं, मॅनेजरच्या मेव्हण्याची नोकरी, असा सगळा प्रपंच काढला. घरात तोंडातून शब्द न फुटणारा हा माणूस परक्यापुढे असा मोकळा सुटलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. मी काटे काढत बसले.

दुपारी झोप. नुसती झोप नाही, घोरणं. कूलर आगगाडीसारखा धडधडत होता आणि त्याच्यावर ह्यांचा आवाज. मी पलंगाच्या कडेला बसून समोरच्या चिखलाकडे बघत राहिले. या दोन दिवसांसाठी मी नवं पातळ आणलं होतं, आणि बोलायचं काय ते मनात नीट लावून ठेवलं होतं: आधी शाळेची दगदग, मग आबांना वाईट वाटू नये म्हणून दर रविवारी कोऱ्हाळ्याला यायचं, मग दाराचं. दाराचं शेवटी, कारण ते सांगताना मला रडू येईल याची भीती होती.

संध्याकाळी खुर्च्यांवर बसलो. ऊन उतरलं होतं, लांबच्या पाण्यावर पांढरे ठिपके दिसत होते, पक्षी असावेत. याहून चांगली वेळ कुठली? मी खुर्ची जवळ ओढली. "अहो, ऐकता का—"

"ते बघ, रोहित पक्षी हायती वाटतं," असं म्हणून हे उठले आणि गाळात कलिंगडं तोडणाऱ्या माणसाकडे चालायला लागले. तासभर त्याच्याशी बोलून एक कलिंगड घेऊन आले. "गोड हाय, खा."

"मला कलिंगड नको. मला उत्तर हवंय."

"उद्या निवांत बोलू."

निवांत या शब्दाची मला त्या दिवशी शिसारी बसली. ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केस विंचरत होते तोवर बाहेर मोटारसायकल थांबली आणि ओळखीचा आवाज आला, "आमचं घर काय जळालंय व्हय पावणं, हॉटेलात उतरायला?" दारात माझी धाकटी नणंद आणि तिचा नवरा. ती बावड्याला दिलेली. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, ठेचा, मोठा डबा. ज्या तालुक्यात बहीण नांदते त्या तालुक्यात भावानं भाडं भरून खोली घ्यायची म्हणजे तिच्या सासरच्यांची गावभर शोभा. ते रागवून आले होते, आणि त्यांचा राग रास्तच होता. पण त्यांना कळलं कसं?

"काल इंदापुरातनं दादाचा फोन आला की, शेजारच्या दुकानात," नणंद म्हणाली. "म्हणला, आमी हितं हाय, सकाळच्याला या."

वीस मिनिटांची गर्दी ती ही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मेव्हण्याच्या खांद्यावर हात टाकून हॉटेलच्या पंपाचं इंजिन दाखवायला घेऊन चालले होते.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. नणंदेनं डबा बाजूला ठेवला, पलंगावर माझ्याजवळ बसली आणि माझा हात हातात घेतला. "वयनी, मी भांडायला म्हणून आले, पर तुमाला बगितलं आन राग गेला. तुमच्यासारखी भावजय न्हाय बगा कुणाला."

"का हो वन्सं? काय झालं?"

"आबा मागल्या आठवड्यात बावड्याला आलं हुतं. समदं सांगितलं. दादाला क्वाटर लागली, तर आबा सोता म्हणलं, जावा, पोरीची दगदग वाचंल. आन तुमीच न्हाय म्हणलासा. आबांस्नी सोडून जायाचं तुमच्या जिवावर येतंय म्हणून. दादानं तसं लिवून बी दिलं. सांगताना आबांचं डोळं भरलं हुतं, वयनी."

मला आधी वाटलं, ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलते आहे.

"कधी लिहून दिलं?" मी विचारलं.

"झालं की आठ-धा दिस." मग माझा चेहरा बघून तिचा हात सैल पडला. "तुमाला… तुमाला ठावं न्हवतं?"

अशा वेळी शहाण्या सुनेनं सावरून घ्यायचं असतं. "ठाऊक होतं, तारीख विसरले," असं काहीतरी म्हणायचं असतं. मला ते सुचलं नाही असं नाही. मला ते करायचं नव्हतं. मी म्हटलं, "नाही. मला जायचं होतं."

ती काही वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. तिच्या बावड्याच्या घरात तेरा माणसं. हळूच म्हणाली, "मी आसते तर मी बी गेले आसते." मग उठलीच. गुरांना पाणी दाखवायचंय असं सांगून तिनं नवऱ्याला जेवूही दिलं नाही, भाकरी आमच्यासाठी ठेवून दोघं निघून गेली. जाताना ती भावाशी एक अक्षर बोलली नाही. हे विचारतात, "हिला काय झालं?"

"चला," मी म्हटलं. "पाणी बघायला जाऊ."

"एवढ्या लांब? उन्हाचं?"

"हो. एवढ्या लांब."

गाळाचा पापुद्रा पायाखाली मोडत होता आणि खाली ओल लागत होती. मी पुढे, हे मागे. कलिंगडवाल्याच्या हाकेच्या टप्प्यापलीकडे गेल्यावर मी थांबले. "आठ दिवसांपूर्वी तुम्ही क्वार्टर सोडून दिलीत."

"मी सांगणारच हुतो. हितं आल्यावर."

"कालपासून मी दुसरं काय विचारतेय?"

"तू चिडशील म्हणून."

"आणि माझं नाव कशाला घातलंत? मी नको म्हणाले, असं?"

यावर ते जे बोलले ते त्यांना खरोखर पटलेलं होतं, म्हणून तर मला जास्त लागलं. म्हणाले, "त्यात तुझं काय वाईट झालं? उलट तुझं नाव झालं. आबा समद्यांना सांगत सुटल्यात, सून कशी मिळाली बघा."

मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. मी ओरडलेसुद्धा. काय ओरडले ते आठवत नाही; कलिंगडवाला उभा राहून आमच्याकडे बघत होता तेवढं आठवतं. दम लागल्यावर मी विचारलं, "पण का? आबा तर जा म्हणत होते. मग अडलं कुठं?"

त्यांनी चपलेनं गाळाचं ढेकूळ फोडलं, मग दुसरं. म्हणाले, "घरात कसं, कोण ना कोण आसतं. तितं आपण दोघंच. रोज. काय बोलायचं गं दिवसभर?"

"आणि बहिणीला फोन?"

"काल स्टँडवर तेच डोक्यात आलं. दोन दिस दोघंच. सुचंना काय."

एवढंच. घराचा जिव्हाळा नाही, आबांची काळजी नाही, लोकलज्जा नाही. माझ्यासोबत एकटं बसायची धास्ती. मी तीन वर्षं ज्या दारामागे ह्यांच्याशी निवांत बोलायची स्वप्नं बघत होते, त्या दाराच्या कडीचीच ह्यांना भीती वाटत होती. मला राग आला, अपमान वाटला, आणि खोटं कशाला बोलू, थोडी कीवही आली. कीव आली याचा पुन्हा राग आला.

पाण्यापर्यंत आम्ही गेलोच नाही. अर्ध्यातून परतलो, बॅग भरली आणि दुपारच्या जीपनं इंदापूर गाठलं. घरी येईपर्यंत दोघांच्यात तिकिटाच्या सुट्ट्या पैशांपुरतं बोलणं झालं.

कोऱ्हाळ्याला पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. अंगणात आबा बाजेवर, सासूबाई लसूण सोलत, जाऊबाई दाराशी. बॅग खाली ठेवायच्या आत मी आबांसमोर जाऊन उभी राहिले.

"आबा, क्वार्टर मी नको म्हटली नव्हती. मला कुणी विचारलंच नव्हतं. मला जायचं होतं."

सासूबाईंच्या हातातली पाकळी तशीच राहिली. आबांनी आधी मुलाकडे पाहिलं. हे बॅगेची चेन लावत होते, जी लागलेलीच होती. आबांना जे कळायचं ते कळलं. मला वाटलं, आता ह्यांच्यावर बरसतील. तेवढ्यासाठीच तर मी आले होते. पण ते माझ्याकडे वळले.

"तुला जायाचं हुतं?"

"हो."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

मी म्हटलं, "मी ह्यांना सांगितलं होतं."

"त्याला न्हाय. मला. सकाळ-सांजचा च्या तूच देतीयास की मला. लांबनं न्हाय, हातात देतीयास. एकदा तोंड उघडायचं हुतंस. मी काय खातो व्हय?" आवाजात राग नव्हता, पण दुखावल्यासारखा होता. "मी बी येडाच. मी तरी तुला कुठं इचारलं? त्याला इचारत बसलो."

वाटभर मी ह्यांच्याविरुद्ध केवढं बोलणं जुळवून आणलं होतं. त्यातलं एकही वाक्य या प्रश्नाच्या उपयोगाचं नव्हतं. पत्र आल्यापासून रोज दोनदा मी त्या माणसासमोर कप घेऊन उभी राहत होते, त्याचं उत्तर "जा" असं तयार होतं, आणि मी पदर सावरून परत स्वयंपाकघरात जात होते. ह्यांनी मला फसवलं, हे खरं. पण फसवायला जागा आमच्या त्या पद्धतीनं करून ठेवली होती, आणि ती मीही इमानेइतबारे पाळली होती.

क्वार्टर पुढच्या नंबराला गेली होती. आमचं नाव तळाला गेलं, ते वर यायला पाच वर्षं लागली. त्या पाच वर्षांत मी आबांशी थेट बोलायला लागले. आधी शाळेतलं, मग घरातलं, मग बरंचसं. दुसऱ्यांदा पत्र आलं तेव्हा हे पाळीवर होते आणि कारखान्याचा शिपाई ते घरी देऊन गेला. मी लिफाफा फोडला, अंगणात गेले आणि आबांना वाचून दाखवला. पुन्हा एकदा वाच, म्हणाले. पुन्हा वाचला. आबा म्हणाले, "लिव, येतो म्हणून." मी त्यांच्यासमोरच लिहिलं.

ह्यांना संध्याकाळी कळलं.